बर्मिंगहॅमचा हिशेबी महापौर

ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन भारतीय वाचकांना ठाऊक आहेत ते १९३८ सालच्या म्युनिक करारामुळे. हिटलरशी केलेला समझोता आणि हातातली छत्री यापलीकडे त्यांची ओळख सहसा जात नाही. त्यांचे वडील जोसेफ चेंबरलेन पंतप्रधान झाले नाहीत. पण आपल्या काळात ब्रिटिश राजकारणात त्यांचा दरारा मुलापेक्षा कितीतरी मोठा होता. एका डोळ्यावरचे भिंग आणि कोटाच्या काजातले ऑर्किडचे फूल ही त्यांची छबी व्यंगचित्रकारांनी घरोघरी पोहोचवली होती. १८८६ साली आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर त्यांनी लिबरल पक्षात फूट पाडली, तर १९०३ नंतर आयात जकातीच्या प्रश्नावर कॉन्झर्व्हेटिव्ह गोटात दुफळी माजवली. एकाच हयातीत दोन मोठे पक्ष दुभंगवणारा दुसरा पुढारी शोधून सापडणे कठीण. मात्र त्यांच्या कारकिर्दीतला जो भाग काळाच्या कसोटीवर सर्वाधिक टिकला, तो वेस्टमिन्स्टरमधला नव्हे. तो आहे बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेतला, जेमतेम अडीच वर्षांचा.

जोसेफ यांचा जन्म ८ जुलै १८३६ रोजी लंडनमधील कॅम्बरवेल येथे झाला. घराणे व्यापाऱ्याचे, पादत्राणांच्या धंद्यातले आणि धर्माने युनिटेरियन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे. बर्मिंगहॅममध्ये त्यांचे नातलग नेटलफोल्ड यांचा स्क्रू बनवण्याचा कारखाना होता. टोकदार स्क्रू तयार करणाऱ्या अमेरिकी यंत्राचे हक्क विकत घेण्यासाठी नेटलफोल्ड यांना भांडवल हवे होते. जोसेफ यांच्या वडिलांनी त्यात पैसे गुंतवले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला १८५४ साली अठरा वर्षांच्या मुलाला तिकडे धाडले. मुलाने हिशेबाच्या वह्या हाती घेतल्या. यंत्र महाग, पण ते एकदा बसवले की जितका माल अधिक तितका प्रत्येक नगाचा खर्च कमी. म्हणून बाजारपेठ विस्तारायची, लहान प्रतिस्पर्ध्यांना विकत घ्यायचे किंवा दर पाडून हटवायचे. या धोरणाने वीस वर्षांत ब्रिटनमधल्या स्क्रूच्या धंद्याचा मोठा भाग या एका पेढीच्या हाती आला. चेंबरलेन यांच्या या काळातल्या व्यापारी वागणुकीवर पुढे बरीच टीका झाली, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. पण भांडवल, व्याज, दर आणि खप यांचे नाते त्यांच्या अंगात मुरले ते येथेच. १८७४ साली त्यांनी धंद्यातला आपला हिस्सा विकला, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते आणि पोटापाण्याची चिंता त्यांना उरली नव्हती.

ज्या नगरपालिकेत ते १८६९ साली निवडून आले, तिची कीर्ती काही चांगली नव्हती. बर्मिंगहॅमला नगरपालिका मिळाली १८३८ साली. पन्नाशीच्या दशकात तिच्यावर काटकसरवाद्यांचा पगडा बसला. जोसेफ ऑलडे हे त्यांचे पुढारी. सभेतले बरेचसे निर्णय ‘वुडमन’ नावाच्या मद्यालयातल्या बैठकीत आधीच ठरत. घरपट्टी एक पेनीही वाढता कामा नये, हे त्यांचे एकमेव धोरण होते. रस्त्यांवरचा खर्च कापला गेला, गटारांची कामे रखडली आणि शहराच्या अनुभवी अभियंत्याला १८५७ साली घरी पाठवण्यात आले. यात केवळ कोतेपणा होता असे नाही. घरपट्टी भरणारा सामान्य माणूस म्हणजे छोटा दुकानदार, कारागीर, दोन-चार खोल्या भाड्याने देणारा घरमालक. गावात वाढलेल्या प्रत्येक सोयीचा बोजा थेट त्याच्या पट्टीवर पडत असे, कारण नगरपालिकेला उत्पन्नाचे दुसरे साधनच नव्हते. १८७१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे ३ लाख ४४ हजार भरली. एवढ्या वस्तीचे मैलापाणी, रस्ते आणि आरोग्य एका पट्टीवर चालवायचे, ही मुळात न सुटणारी गणिते होती.

याच शहरात जॉर्ज डॉसन आणि आर. डब्ल्यू. डेल यांच्यासारखे धर्मोपदेशक रविवारच्या प्रवचनांतून निराळेच काही सांगत होते. नगरपालिकेचे काम हे क्षुद्र राजकारण नसून ईश्वरी सेवाच आहे, शहरातल्या सुशिक्षित आणि संपन्न लोकांनी त्यापासून दूर राहणे पाप आहे, असा त्यांचा उपदेश होता. युनिटेरियन घराण्यांतले कारखानदार, वकील, डॉक्टर निवडणुकीला उभे राहू लागले ते यामुळे. चेंबरलेन हे त्यांच्यापैकीच एक. नोव्हेंबर १८७३ मध्ये सभागृहाने त्यांची महापौर म्हणून निवड केली. उपदेशकांकडे श्रद्धा होती. खतावणी वाचता येणारा माणूस आता मिळाला.

१३ जानेवारी १८७४ रोजी त्यांनी सभागृहापुढे पहिला मोठा प्रस्ताव मांडला. शहराला गॅस पुरवणाऱ्या दोन्ही खासगी कंपन्या नगरपालिकेने विकत घ्याव्यात. त्या काळी रस्त्यावरचे दिवे, दुकाने, कारखाने आणि बऱ्या घरांतला उजेड हे सारे कोळशापासून बनणाऱ्या गॅसवर चाले. दोन कंपन्यांच्या नळ्या त्याच रस्त्यांखालून जात आणि रस्ता एकीने बुजवला की दुसरी उकरी. (हा अनुभव कोणत्या शहराला नाही?) किंमत ठरली सुमारे १९ लाख ५३ हजार पौंड. नगरपालिकेच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पटींनी मोठी असलेली ही रक्कम ऐकून सभासद हादरले असतील, यात नवल नाही.

चेंबरलेन यांची मांडणी दोन पायऱ्यांची होती. पहिली अशी की, ज्या धंद्यात स्पर्धा शक्य नाही, तो लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती असावा. एका रस्त्याखाली चार कंपन्यांच्या नळ्या घालणे वेडेपणाचे. तेव्हा मक्तेदारी अटळ आहे, आणि अटळ मक्तेदारीचा नफा मूठभर भागधारकांना का मिळावा? दुसरी पायरी अधिक धाडसी होती. नगरपालिकेपुढची कामे वाढतच जाणार, तेव्हा पट्टीखेरीज उत्पन्नाचा दुसरा झरा तिला हवाच. कर्ज मोठे असले तरी ते खड्ड्यात जात नाही. त्याच्या बदल्यात कारखाने, टाक्या, नळ्या आणि हमखास गिऱ्हाईक हाती येते. दरवर्षीच्या वसुलीतून व्याज जाईल, परतफेडीचा निधी बाजूला पडेल आणि वर शिल्लकही उरेल. नगरपालिकेने हा धंदा आपल्याला मक्त्याने दिला तर तिला वर्षाकाठी वीस हजार पौंड देऊन आपण स्वतःही चांगली माया जमवू, असे त्यांनी सभासदांना सुनावले. ऐकणाऱ्यांना ते खरे वाटले, कारण सांगणारा माणूस तसे करून दाखवलेला होता. प्रस्तावाच्या बाजूने ५४ आणि विरोधात अवघी २ मते पडली.

करदात्यांची सभा, संसदेतले विधेयक, कंपन्यांशी घासाघीस असे सोपस्कार होऊन १८७५ साली व्यवहार पुरा झाला. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार पौंडांचा नफा झाला, म्हणजे चेंबरलेन यांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक. दोन कंपन्यांचे कारभार एक झाल्याने खर्चात बचत झाली होती. पुढच्या काही वर्षांत गॅसचे दर उतरवूनही शिल्लक पडत राहिली. या शिलकीचा एक देखणा पुरावा शहरात अजून उभा आहे. ग्रंथालये आणि कलादालने यांसाठी पट्टीतून किती खर्च करता येईल यावर कायद्याची मर्यादा होती. तेव्हा गॅस समितीने आपल्या कचेरीची इमारत बांधताना वरचा मजला कलादालनाला दिला. १८८५ साली खुले झालेले बर्मिंगहॅमचे कलासंग्रहालय हे अशा रीतीने गॅसच्या बिलांतून उभे राहिले.

हा नफा येत कोठून होता, हेही पाहिले पाहिजे. गॅस मीटरवर मोजून विकला जाई आणि तो वापरणारे प्रामुख्याने दुकानदार, कारखानदार व मध्यमवर्गीय होते. गरिबांच्या घरी मेणबत्ती नाहीतर तेलाचा दिवा असे. म्हणजे खर्चापेक्षा जास्त दराने गॅस विकणे हा एक प्रकारे ऐपतदारांवरचा आडवळणाचा कर होता. पट्टी वाढवली असती तर हेच ऐपतदार सभागृह डोक्यावर घेते. गॅसच्या बिलात तोच पैसा ते निमूटपणे भरत राहिले. तथापि, गॅसच्या नळ्या शहराच्या हद्दीपलीकडच्या वस्त्यांतही गेल्या होत्या. तेथल्या ग्राहकांच्या पैशातून बर्मिंगहॅमची पट्टी हलकी होत होती आणि बर्मिंगहॅमच्या सभागृहात त्यांना मत मात्र नव्हते. मुंबईकरांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. १९४७ साली महापालिकेने ट्राम आणि विजेची कंपनी ताब्यात घेतली आणि ‘बेस्ट’मध्ये विजेच्या उत्पन्नातून बसगाड्यांचा तोटा पुढे वर्षानुवर्षे भागवला गेला. एका सेवेच्या दरात दुसऱ्या सेवेचा खर्च मिसळण्याचे हे तंत्र सोयीचे असते आणि वादाचेही.

चेंबरलेन यांची खरी कसोटी लागली ती पाण्याच्या बाबतीत. गॅसचा यशस्वी नमुना समोर असताना पाण्यावरही तोच नियम लावणे कोणालाही सुचले असते. त्यांनी तसे केले नाही. शहरातल्या गरीब वस्त्यांत हजारो विहिरी होत्या आणि त्यांच्यालगतच शौचकूप व उकिरडे होते. नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांच्या तपासण्यांतून या विहिरींचे पाणी किती दूषित आहे हे वारंवार उघड होत होते. विहीर बंद करावी तर माणसाने पाणी प्यावे कोठले? नळाचे पाणी खासगी कंपनीच्या हाती. आणि कंपनीने नळ न्यायचा तो पैसे सुटतील त्या गल्लीत. कंपनीवर यात ठपका ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण भागधारकांना लाभांश देणे हे तिचे कामच होते. नेमके हेच चेंबरलेन यांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना मांडले. गॅसच्या खरेदीत नफा हा हेतू होता, पाण्याच्या खरेदीत आरोग्य हाच हेतू राहील. पाण्याच्या वसुलीतून खर्च आणि कर्ज भागून जे उरेल ते दर उतरवण्यात जाईल, पालिकेच्या तिजोरीत नाही.

या भूमिकेमागचे कारण दराच्या रचनेत दडलेले होते. घरगुती पाणी त्या काळी मीटरवर मोजले जात नसे. घराच्या भाडेमूल्यावर पाणीपट्टी आकारली जाई. गॅस नको असेल तर न घेण्याची सोय होती, पाण्याला पर्याय विहिरीचा आणि विहीर म्हणजे विषमज्वर. पाण्यावर नफा घेणे म्हणजे स्वच्छतेवर कर बसवणे होते. जी वस्तू माणसे सोडू शकतात तिच्यावर कमवा, जी सोडू शकत नाहीत ती केवळ खर्चाच्या भावात द्या, ही रेषा त्यांनी आखली. सार्वजनिक सेवांच्या दरांवर नंतर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पण ही रेषा मात्र आखली ती एका स्क्रूच्या कारखानदाराने.

पाणी कंपनीची किंमत ठरली १३ लाख ५० हजार पौंड. ती भागधारकांना दरसाल सुमारे ५४ हजार ५०० पौंडांच्या कायमस्वरूपी वार्षिकीच्या रूपाने द्यायची होती. १ जानेवारी १८७६ पासून पाणीपुरवठा नगरपालिकेकडे आला आणि दूषित विहिरी बुजवण्याचे काम नेटाने सुरू झाले.

हे सर्व चालू असताना चेंबरलेन यांच्या घरी काय घडत होते, याची कल्पना सभागृहातल्या कामकाजाच्या नोंदींवरून येत नाही. त्यांची पहिली पत्नी हॅरिएट १८६३ साली ऑस्टिनच्या जन्माच्या वेळी वारली होती. तिची चुलत बहीण फ्लॉरेन्स हिच्याशी १८६८ साली त्यांचा विवाह झाला. नेव्हिल हा तिचा मुलगा. फेब्रुवारी १८७५ मध्ये, गॅस आणि पाणी ही दोन्ही विधेयके संसदेच्या वाटेवर असताना, फ्लॉरेन्सही बाळंतपणातच गेली. पाठोपाठ त्याच वर्षी आईचा मृत्यू झाला. महापौरपद सोडण्याचा त्यांचा विचार होता, तो सहकाऱ्यांनी मोडून काढला. त्यांच्या श्रद्धेला तेव्हा बसलेला तडा पुन्हा सांधला गेला नाही, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले.

त्याच वर्षी संसदेने कामगारांच्या घरांचा कायदा मंजूर केला आणि गलिच्छ वस्त्या ताब्यात घेण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. चेंबरलेन यांनी शहराच्या मध्यभागातला मोठा भूभाग निवडला, जुनी घरे पाडून त्यातून रुंद हमरस्ता काढायचा ठरवला. बातमी फुटली की जमिनीचे भाव चढणार, म्हणून काही धनिकांनी आधीच पैसे उभे करून मालमत्ता खरेदी करायला सुरुवात केली. चेंबरलेन यांनी स्वतः त्यात दहा हजार पौंड घातले. योजनेचा दरसाल पडणारा भार गॅसच्या नफ्यातून सहज उचलता येईल, असा त्यांचा हिशेब होता. एका भांडवली कामाच्या उत्पन्नावर दुसरे भांडवली काम उभे करण्याची ही साखळी त्यांनी फार विचारपूर्वक गुंफली होती. नव्या रस्त्यालगतच्या जागा विकायच्या नाहीत, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायच्या. मुदत संपली की जमीन आणि तीवरची इमारतही शहराची. तोवर कर्ज फिटलेले असेल आणि बर्मिंगहॅम हे देशातले सर्वांत श्रीमंत शहर ठरेल, असा त्यांचा होरा होता.

१८७८ पासून कॉर्पोरेशन स्ट्रीट उभा राहू लागला. मोठाली दुकाने, कचेऱ्या, पुढे न्यायालयाची लाल विटांची भव्य इमारत. पण ज्यांच्या नावाने कायदा झाला होता त्या कामगारांसाठी घरे कोठे होती? शेकडो घरे पाडली गेली; त्यांच्या बदल्यात नगरपालिकेने फार वर्षे काहीच बांधले नाही आणि १८९० च्या सुमारास जी बांधली ती मूठभर. योजनेच्या टापूतल्या काही गल्ल्यांचा मृत्युदर हजारी सुमारे ५३ वरून सुमारे २१ वर आला, असे आकडे अभिमानाने सांगितले गेले. त्यातला काही भाग उजेड, हवा आणि पाण्याचा खराच असेल. पण आजारी माणसे तेथून उठून शेजारच्या गल्लीत गेली की आकडा आपोआपच उतरतो. दुकानांच्या भाड्यातून कर्ज फिटायचे तर त्या जागेवर स्वस्त खोल्या बांधून भागणारे नव्हते. नफ्याचा आणि गरजेचा जो विवेक चेंबरलेन यांनी पाण्याच्या बाबतीत दाखवला, तो जमिनीच्या बाबतीत त्यांना दाखवता आला नाही. त्यांच्या हिशेबातली ही बाजू कोरी राहिली.

ती भरायला ते थांबलेही नाहीत. जून १८७६ मध्ये ते पार्लमेंटवर निवडून आले आणि महापौरपद सोडून लंडनला गेले. पुढचा इतिहास साम्राज्याचा आहे. १८९५ ते १९०३ ते वसाहतमंत्री होते आणि बोअर युद्धाच्या काळात त्या खात्याची सूत्रे त्यांच्याच हाती होती. १९०२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत गेले असता डर्बनला त्यांना भेटायला आलेल्या हिंदी शिष्टमंडळात मोहनदास गांधी होते. या भेटीसाठीच गांधींना मुद्दाम भारतातून परत बोलावून घेण्यात आले होते. चेंबरलेन यांनी त्यांची थंडपणे बोळवण केली. ज्याला मत नाही त्याच्या गाऱ्हाण्याकडे या मुत्सद्द्याचे लक्ष जाणे कठीणच असे. १९०६ साली पक्षाघाताने ते जायबंदी झाले आणि २ जुलै १९१४ रोजी, महायुद्ध महिन्यावर आले असताना, त्यांचे निधन झाले.

बर्मिंगहॅमने त्यांचा धडा पुढे चालवला. शहराला पाणी पुरेनासे झाले, तेव्हा १८९२ साली संसदेची परवानगी मिळवून नगरपालिकेने थेट वेल्समधल्या एलन खोऱ्यात धरणे बांधायला घेतली. त्याच वर्षी इकडे तानसाचे पाणी मुंबईत पोहोचले होते. १९०४ साली सुमारे ७३ मैलांच्या कालव्यातून, एकाही पंपाशिवाय, निव्वळ उतारावरून ते पाणी बर्मिंगहॅमकडे वाहू लागले. खोऱ्यातली घरे, शाळा आणि चर्च पाण्याखाली गेले. वेल्समधल्या त्या शेतकऱ्यांनाही बर्मिंगहॅममध्ये मत नव्हते.

गॅसचा धंदा १९४९ साली राष्ट्रीयीकरणात शहराच्या हातून गेला. पाणीपुरवठा १९७४ साली प्रादेशिक मंडळाकडे आणि १९८९ साली खासगी कंपनीकडे गेला. म्हणजे चेंबरलेन यांनी ज्या भागधारकांकडून तो सोडवून घेतला होता, तशाच भागधारकांकडे तो ११३ वर्षांनी परतला. ५ सप्टेंबर २०२३ रोजी, समान वेतनाच्या थकीत दाव्यांचे ओझे पेलवेनासे होऊन, बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने अत्यावश्यक सोडून सर्व नवा खर्च थांबवत असल्याची कायदेशीर नोटीस काढली आणि पुढच्या वर्षी रहिवाशांच्या स्थानिक करात जवळपास दहा टक्क्यांची वाढ केली.

शहराच्या मध्यभागी चेंबरलेन चौकात त्यांचे स्मारक आहे. ते हयात असतानाच, १८८० साली, त्यांच्या महापौरपदाच्या गौरवार्थ ते उभारण्यात आले. त्याचे वास्तुविशारद जॉन हेन्री चेंबरलेन हे केवळ आडनावबंधू, नातलग नव्हेत. गॉथिक धाटणीच्या त्या उंच मनोऱ्यावर जोसेफ चेंबरलेन यांचा मुखवटा कोरलेला आहे. आणि त्याच्या पायथ्याशी आहे ते पाण्याचे कारंजे.